पुढच्या चाकांना कुलूप घालावं का?

बैलगाडी वळताना कधी नीट पाहिली आहे का? डावीकडे वळण असेल, तर डावं चाक जागच्या जागी रेंगाळतं आणि उजवं चाक मोठा फेरा घेऊन येतं. दोन्ही चाकं एकाच आसावर असली, तरी एकमेकांना बांधलेली नसतात. ओढायचं काम बैलांचं. चाकांनी नुसतं फिरायचं. म्हणून बैलगाडीला वळणाचा प्रश्न कधी पडलाच नाही.

प्रश्न पडला तो इंजिन आल्यावर. आता चाकांनाच ओढायचं होतं. इंजिन एक, चाकं दोन, आणि वळणावर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळताना एक चाक फरफटणार, टायर झिजणार किंवा दांडा तुटणार. या एका अडचणीवर माणसानं काय तोड काढली, त्या तोडीतून कोणती नवी अडचण आली आणि मग तिच्यावर पुन्हा काय इलाज केला, याचा इतिहास मोठा रंजक आहे. तो सांगायला मला एक निमित्तही आहे.

आम्ही काही मित्र मिळून एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी चालवतो. सह्याद्रीच्या उतारावरच्या एका वस्तीवर दर पंधरवड्याला डॉक्टरांना घेऊन जायचं आणि पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर खाली आणायचं, एवढंच तिचं काम. रस्ता म्हणजे लाल मातीची सात किलोमीटरची वाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मागच्या ॲक्सलला आम्ही लॉकर बसवलेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला आणताना गाडी तरीही दोन तास अडकून पडली. तेव्हापासून पुढच्या ॲक्सललाही लॉकर बसवावा, असा आग्रह सुरू झाला आहे. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवलं, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात पडला. मी ठरवलं, आधी इतिहासाला विचारू या.

वळणाच्या प्रश्नाचं उत्तर एका फ्रेंच घड्याळजीनं दिलं. त्याचं नाव ओनेसिफोर पेकर. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक रचना सुचवली. आज आपण तिला डिफरन्शियल म्हणतो. पुढे १८७७ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जेम्स स्टार्ली यांनी तीच कल्पना पायंडलच्या तीनचाकीत आणली. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात, की ते आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसून पायंडल मारत होते; मुलाचा जोर जास्त पडला आणि वाहन रस्ता सोडून गेलं. गोष्ट खरी असो वा नसो, अडचण खरी होती. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या मोटारगाडीतही डिफरन्शियल होतंच.

आता या यंत्राचा स्वभाव समजून घ्यायला हवा. डिफरन्शियल दोन चाकांना वेग कमीजास्त घेऊ देतं. जोर मात्र दोघांना सारखाच देतं. वरवर पाहता हा न्याय वाटतो. पण एक चाक कोरड्या दगडावर आणि दुसरं शेवाळलेल्या चिखलात असलं, की हाच न्याय अंगाशी येतो. चिखलातल्या चाकाला पकडच नाही, म्हणून ते थोड्याशा जोरावर गरगर फिरायला लागतं. त्याला जेवढा जोर लागतो तेवढाच दगडावरच्या चाकालाही मिळतो. धडधाकट भाऊ नुसता बसून राहतो आणि दुबळा भाऊ धापा टाकतो. फोर व्हील ड्राइव्ह म्हणवणाऱ्या गाडीचंही पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं, तर गाडी जागची हलत नाही.

यावर इलाज म्हणजे लॉकर. गरज पडेल तेव्हा डिफरन्शियलला कुलूप घालायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील आणि ज्याला पकड आहे ते गाडी ओढील. कल्पना सोपी आहे आणि जुनीही आहे. अमेरिकेत १९१३ साली जेफरी क्वाड नावाचा ट्रक निघाला. चारही चाकांना जोर, चारही चाकं वळणारी आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना आपोआप अडकणारी डिफरन्शियल! १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिकोतल्या मोहिमेत आणि पहिल्या महायुद्धात युरोपच्या चिखलात हे ट्रक राबले. म्हणजे पुढच्या चाकांना कुलूप ही आजकालच्या हौशी तरुणांची टूम नाही. तिला शंभरावर वर्षं झाली.

मग पंचवीस-तीस वर्षांनी जी जीप आली, तिला लॉकर का नव्हता? ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९४० साली अमेरिकन लष्करानं हलकी टेहळणी गाडी मागवली. बॅन्टम कंपनीनं अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना दिला आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. इंजिन साठ अश्वशक्तीचं, वजन अकराशे किलोंच्या आसपास. दोन्ही डिफरन्शियल साधी, मोकळी. गाडी इतकी हलकी, की रुतली तर चार शिपाई उतरून खांदा लावतील. जीपचा लॉकर म्हणजे तिच्यात बसलेली माणसं! लॉकर नसल्यामुळे पुढचा ॲक्सल हलका ठेवता आला, आणि वळणाऱ्या चाकांपर्यंत जोर पोचवणारे सांधेही बेताच्या ताकदीचे चालले.

हीच जीप आपल्याकडे आली. लुधियानात १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीनं १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. तहसीलदार, पाटबंधारे खात्याचे अभियंते, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांनी ती वापरली. आमची गाडीही त्याच घराण्यातली, नात किंवा पणती म्हणा. इंजिन डिझेलचं आहे, वजन आजीपेक्षा बरंच वाढलं आहे. पण पुढच्या ॲक्सलची प्रकृती वाडवडिलांचीच.

आता दुसरं घराणं पाहू. महायुद्धात जर्मनी बेचिराख झाल्यावर आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्यानं शेतकऱ्यासाठी एक वाहन आखलं. १९४६ च्या अखेरीस पहिला नमुना धावला आणि १९४८ मध्ये उत्पादन सुरू झालं. नाव उनिमोग. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर, कारण बटाट्याच्या दोन सऱ्यांचं अंतर तेवढंच! इंजिन फक्त पंचवीस अश्वशक्तीचं, पण कुलूप पुढेही आणि मागेही. नांगर ओढता ओढता शेताच्या ओल्या कडेला थांबलेलं वाहन शेतकऱ्याला परवडणार नव्हतं. शिवाय तिथे ढकलायला चार शिपाई कुठे होते?

जेफरी आणि उनिमोग, या दोघांत एक साम्य आहे आणि माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. दोन्ही गाड्यांत वेग कमी करून जोर वाढवणारे शेवटचे दाते थेट चाकापाशी बसवलेले होते. त्यामुळे ॲक्सलच्या आतले दांडे आणि सांधे यांच्यावर कमी ताण येई. जोर वाढे तो अगदी शेवटी, चाकापाशी. म्हणजे या गाड्यांत कुलूप एकटं आलं नाही. त्याला पेलणारं सगळं अंग आधीपासून तसं घडवलेलं होतं.

जीपच्या घराण्यात हे नाही. तिथे जोर डिफरन्शियलपाशीच वाढतो आणि तो सगळा दांड्यातून व सांध्यातून चाकाकडे जातो. डिफरन्शियल मोकळं असेल तर एका बाजूला अर्ध्याहून अधिक जोर जाऊच शकत नाही. घसरणारं चाक जणू सुरक्षा झडपेचं काम करतं. कुलूप घातलं आणि एक चाक हवेत लटकलं, की सगळा जोर दुसऱ्याच्या सांध्यावर येतो. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असेल, तर सांधा सर्वांत नाजूक अवस्थेत असतो. मागच्या ॲक्सलला हा धोका कमी, कारण मागची चाकं वळत नाहीत.

सांध्याहूनही मोठी अडचण दिशेची. कुलूप घातलेली पुढची चाकं दोन्ही सारख्याच वेगानं फिरतात, म्हणून गाडी सरळच जाऊ पाहते. स्टिअरिंग जड होतं, वळणाचा फेरा मोठा होतो. आणि आडव्या उतारावर आणखी एक गंमत होते, तिला गंमत म्हणवत नाही. मोकळ्या ॲक्सलचं एक चाक घसरलं तरी दुसरं स्थिर राहून गाडीचं तोंड धरून ठेवतं. कुलूप असलं की दोन्ही एकदम फिरतात, एकदम पकड सोडतात आणि गाडीचं नाक उताराकडे सरकतं. आमच्या वाटेवर उताराकडे म्हणजे दरीकडे.

याचा अर्थ पुढचा लॉकर वाईट, असा नाही. पुढच्या काळात त्याला शहाणपण आलं. चालकाच्या हाती असलेलं, हवं तेव्हा लावायचं आणि काढायचं कुलूप रुळलं. १९७९ च्या मर्सिडीज जी गाडीनं आणि १९८० च्या दशकात टोयोटाच्या लँड क्रूझरनं ते कारखान्यातूनच देऊ केलं. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीनं १९८७ साली हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकरचे हक्क घेतले आणि कुठल्याही साध्या गाडीला तो बसवता येऊ लागला. आपल्या पुण्याच्या आकुर्डीतल्या, पूर्वी बजाज टेम्पो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोर्स मोटर्सनं २०१३ साली गुरखा बाजारात आणली तीच पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर घेऊन. गोव्यात २०१४ मध्ये भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा झाली, तेव्हा असली सामग्री आपल्याकडेही अनेकांनी जवळून पाहिली. स्पर्धेत सांधा तुटला तर गुण जातात. मदतीला शेजारी दुसरी गाडी असते. आमच्या वाटेवर दुसरी गाडी नसते, आणि मागच्या बाकावर कुणीतरी कण्हत असतं.

आमची गाडी चालवणारा मुलगा वस्तीवरचाच. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, ते खरं. पण त्या दिवशी पुढचा लॉकर असता तर गाडी निघाली नसती का?" प्रश्न रास्त होता. मी त्याला विचारलं, "गाडी अडकली तेव्हा पुढची चाकं कुठं होती?" तो आठवून म्हणाला, "उजवं चरीत होतं, डावं कडेच्या गवतावर." कडेच्या म्हणजे दरीच्या. "निघाली असती कदाचित," मी म्हटलं, "पण कुठल्या दिशेनं, ते तू सांग." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "चर बुजवली पाहिजे, काका."

तर आमचा निर्णय झाला आहे. या पावसाळ्यापुरता तरी पुढचा लॉकर नाही. त्या पैशात चिखलाचे चांगले टायर आणि पुढे एक विंच बसेल. विंच गाडीला ओढतो तो आपण निवडलेल्या झाडाकडे, दरीकडे नाही. शिवाय तो ॲक्सलच्या सांध्यावर जोर टाकत नाही. उरलेल्या पैशात वाटेवरच्या तीन वाईट जागी दगडांचं सोलिंग करायचं, श्रमदान वस्तीनं कबूल केलं आहे. उद्या कधी भक्कम ॲक्सलची गाडी मिळाली, तर पुढचा लॉकर मी आनंदानं घेईन. मात्र तो हातानं लावायचा आणि काढायचा, आपोआप अडकणारा नव्हे, आणि सरळ वाटेवरच वापरायचा.

पेकरनं चाकांची ताटातूट केली, ती वळता यावं म्हणून. नंतरच्यांनी त्यांना पुन्हा एकत्र बांधलं, ते रुतू नये म्हणून. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आपली जागा कोणती, हे मात्र आपल्या वाटेला विचारावं लागतं.