चिलटाला वास कसा येतो?



मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची तर परदेशाशिवाय गत्यंतर नाही, असं आपल्या घराघरांत मानलं जातं. आज उलट दिशेने आलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो.

वेरोनिका रॉड्रिग्ज. जन्म 1953, केनियात. आईवडील मूळ गोव्याचे. शिकायला त्या युगांडात, कंपालाच्या मेकेरेरे विद्यापीठात गेल्या. 1972 मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायचा हुकूम काढला. वेरोनिकांचं पुढचं शिक्षण झालं आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथे त्यांच्या वाचनात ओबेद सिद्दीकींचा जिवाणूंच्या आनुवंशिकतेवरचा शोधनिबंध आला. त्यांनी सरळ सिद्दीकींना पत्र लिहिलं आणि मुंबई गाठली.

सिद्दीकींना होमी भाभांनी 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आणलं होतं. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या त्या घरात जीवशास्त्राची चूल मांडायची होती. पुढे सिद्दीकी जिवाणू सोडून मेंदूकडे वळले. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंडावा मिळाला की पुन्हा चालू लागतात. दोघांचा निबंध 1976 चा. सैन्यात आम्ही बिघाड शोधूनच लाइन समजून घ्यायचो. पद्धत तीच, फक्त इथे तारेच्या जागी मज्जातंतू.

कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे, वेरोनिकांनी हेच सूत्र वास आणि चव यांना लावलं. पिकल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट घ्या. हजारोंमधून वास किंवा चव नीट न ओळखणारी चिलटं वेगळी काढायची, त्यांची वीण वाढवायची आणि कोणत्या जनुकात बिघाड आहे ते शोधायचं. 1978 मध्ये गुरुशिष्यांचा निबंध आला. वासाच्या ग्राहक जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी मांडला 1991 मध्ये, आणि त्यांना नोबेल मिळालं 2004 मध्ये. तारखा शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मुंबईतला प्रश्न किती आधीचा होता ते कळेल.

पीएच.डी.नंतर जर्मनीत ट्युबिंगेनला काम करून वेरोनिका टीआयएफआरमध्येच परतल्या. वेगवेगळे वास चिलटाच्या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जातात, हे त्यांनी दाखवलं. पुढे त्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. 2010 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. टीआयएफआरला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला 2002 मध्ये. त्याआधी तिथले विद्यार्थी पदवीसाठी मुंबई विद्यापीठाकडे नोंदणी करत. प्रयोगशाळा एकीकडे, पदवीचा कागद दुसरीकडे, आणि त्याने संशोधनाचं काही अडलं नाही.

परदेशी जाऊ नका, असं मी म्हणत नाही. सिद्दीकीही गेले, वेरोनिकाही गेल्या. पण क्रम पाहा. आधी प्रश्न, मग तो प्रश्न जगणारा गुरू, मग संस्था, आणि देश सगळ्यात शेवटी. आपण बहुतेकदा देशापासून सुरुवात करतो. पीएच.डी. म्हणजे एकाच प्रश्नासोबत पाच-सहा वर्षांचा मुक्काम. तो प्रश्न आपला नसेल तर छावणी कुठेही टाका, मन लागणार नाही.

घरात कुणी मेंदूविज्ञानाचं नाव काढलं, तर विद्यापीठांची यादी बाजूला ठेवा. आधी विचारा, "बाळा, तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"