खेळाच्या ताजव्याचा पासंग

२०२५ सालच्या मार्च महिन्याच्या दुसऱ्या तारखेस, नागपूरनजीक जामठ्याच्या मैदानावर, विदर्भाच्या संघानें केरळाविरुद्धचा रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राखला आणि पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर तो करंडक तिसऱ्यांदा मिळविला. दुसऱ्या दिवशीं इतवारींत जो तो हेंच बोलत होता. किराणा ओळींतील आमच्या नेहमींच्या दुकानीं आम्ही सामानाची यादी घेऊन गेलों, तेव्हां शेटजींनीं ती बाजूस ठेविली व विचारलें, “सर, दुसऱ्या डावांत शतक काढणारा तो नायर आपला का?” आम्हीं म्हटलें, “तो मूळ कर्नाटकाच्या संघांतला. आतां आपल्याकडून खेळतो.” “आणि तिकडून एकुणऐंशी काढणारा सरवटे?” “तो आपला. आतां त्यांच्याकडून खेळतो.” शेटजी हंसले. “मग ताजव्यांत पासंग कोणाचा, तें आधीं सांगा. वजनाचें मागून पाहूं.”

ज्या वाचकांनीं जुना ताजवा कधीं हातीं धरला नसेल, त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्याचीं दोन पारडीं रिकामीं असतांनाहि क्वचितच सारखीं असतात. म्हणून हलक्या पारड्यांत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवून तीं आधीं समतोल करावीं लागतात. त्या तुकड्यास पासंग म्हणतात. प्रामाणिक व्यापारी पासंगानें ताजव्याचा दोष काढतो. लबाड व्यापारी त्याच पासंगावर आपलें घर चालवितो. खेळांतील न्यायाचा विचार करतांना आपण बहुधा पंचाकडे पाहतों. परंतु पंच उभा राहतो तो वजन चालू झाल्यावर. संघ कोणत्या गांवाच्या नांवानें बनला, कोणाच्या पैशानें बनला, आणि दुबळ्या संघास किती सामने खेळावयास मिळाले, हा सारा हिशोब त्यापूर्वींच होऊन गेलेला असतो.

ही चिंता फार जुनी आहे. इंग्लंडांत १८७३ सालीं परगण्यांच्या संघांनीं असा नियम केला कीं, एका मोसमांत गड्यानें एकाच परगण्याकडून खेळावें, मग तो त्याच्या जन्माचा असो वा वास्तव्याचा. अमेरिकेंतील बेसबॉलच्या मालकांनीं १८७९ सालीं गड्यांस आपल्याशीं बांधून ठेवणारी अट काढली व ती समतोलाच्या नांवाखालीं चालविली. तिचा खरा उपयोग मजुरी कमी ठेवण्याकडे झाला. इंग्लंडांतील फुटबॉलमध्यें १९०१ पासून १९६१ पर्यंत गड्याच्या पगारास वरची मर्यादा होती. पहिली मर्यादा आठवड्यास चार पौंडांची. तिचेंहि समर्थन असेंच होतें. न्यायाचें नांव घेऊन केलेल्या नियमांत न्याय किती व सोय किती, हें प्रत्येक वेळीं तपासून घ्यावें लागतें.

आपल्याकडील पहिल्या मोठ्या स्पर्धेंत, म्हणजे मुंबईच्या चौरंगी सामन्यांत, संघ धर्मावरून होत. गडी पळविण्याचा प्रश्न तेथें उद्भवतच नव्हता. पण ज्या बाळू पालवणकरांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले, त्यांस जन्मजातीमुळें हिंदु संघाचें कर्णधारपद कधींच मिळालें नाहीं. त्यांचे बंधु विठ्ठल यांस तें मिळण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. म्हणजे संघासंघांतील समतोल साधला तरी संघाच्या आंत पासंग राहूं शकतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे; आम्ही नागपूरकडे वळतों.

सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरांत झाला. त्यांचें शिक्षण येथेंच झालें आणि क्रिकेटहि ते येथेंच शिकले. १९१६ सालीं हिंदूंच्या संघाकडून ते चौरंगी सामन्यांत प्रथम उतरले, आणि १९२६ सालीं मुंबईस विलायतेहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १५३ धांवा केल्या. त्यांत ११ षट्कार होते. त्या डावाचें वर्णन नागपूरच्या जुन्या मंडळींनीं पुढें कित्येक वर्षें केलें, आणि तें ऐकतांना एक गोष्ट सहज नजरेआड होत असे: तो डाव खेळण्यापूर्वींच नायडू नागपूरचे राहिले नव्हते. १९२३ सालीं तुकोजीराव होळकरांनीं त्यांस इंदुरास बोलाविलें व आपल्या सैन्यांत कप्तानाची जागा दिली.

ह्यांत नायडूंचा दोष कोणता? त्या काळीं क्रिकेटवर कोणाचें पोट भरत नसे. नागपुरांत मैदान होतें, हौस होती, टाळ्या वाजविणारे हात होते. परंतु गड्यास वर्षभर पोसणारा कोणी नव्हता. होळकरांनीं अन्याय केला असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. गुणी माणसास त्यांनीं आश्रय दिला, आणि आश्रय नसता तर १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचा कर्णधार म्हणून कोण उभा राहिला असता, हें सांगतां येत नाहीं. पण ज्या गांवानें बीं पेरलें त्याच्या वांट्यास पीक आलें नाहीं, ही गोष्टहि तितकीच खरी आहे.

१९३४ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा निघाली. धर्माऐवजीं प्रांत हा संघाचा पाया झाला, ही मोठी सुधारणा होती. परंतु स्पर्धेची रचना बादपद्धतीची होती. विभागांत एक सामना हरला कीं त्या वर्षाचा खेळ संपला. बलाढ्य संघास एका मोसमांत तीन-चार मोठे सामने मिळत. मध्यप्रांत-वऱ्हाडसारख्या दुबळ्या संघास पुष्कळदां एकच. ज्यास सरावाची गरज अधिक त्यास सराव कमी, असा हा उफराटा न्याय १९५७ पर्यंत चालला. आमच्या मतें त्या काळांतील सर्वांत मोठा पासंग हाच होता. राजेरजवाड्यांची थैली त्याच्या मागून येते.

ती थैलीहि लहान नव्हती. नवानगरनें १९३६-३७ सालीं करंडक जिंकला तो ससेक्सचा व्यावसायिक गडी वेन्सली यास कर्णधार करून. बडोद्यानें सांगलीचे विजय हजारे व लाहोरचा गुल महंमद यांस आणलें, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत ह्या दोघांनीं होळकरांविरुद्ध ५७७ धांवांची भागी केली. होळकर संघाचें तर काय सांगावें? १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा मोसमांत तो दहा वेळां अंतिम सामन्यांत होता व चार वेळां विजयी झाला. त्याचे कर्णधार नागपूरचे नायडू. त्याच्या आधारस्तंभांपैकीं एक, सागरचे चंदू सरवटे, हे मध्यप्रांत-वऱ्हाडकडून आपला पहिला रणजी मोसम खेळलेले. इंदूरच्या त्या वैभवांत आपल्या प्रांताचा वांटा किती होता, हें त्या वेळच्या करंडकावर कोठेंच कोरलेलें नाहीं.

दुबळ्यांची दशा काय होत असे, त्याचें उदाहरण पुण्याचें आहे. १९४८ च्या डिसेंबरांत काठेवाडचा संघ २३८ धांवांत आटोपला, आणि महाराष्ट्रानें चार गडी बाद ८२६ धांवा केल्या. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमास नऊ धांवा उरल्या होत्या. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून निघून गेले. ह्या कथेंत निंबाळकरांचें दुर्दैव सर्वांस दिसतें, आणि तें खरेंच आहे. आम्हांस मात्र त्या अकरा काठेवाडी गड्यांचाहि विचार येतो. अशा सामन्यांतून ते काय शिकले असतील? पळ काढणें अखिलाडूपणाचें होतें. पण ज्या योजनेनें त्यांस तेथें उभें केलें तिला कोणी नांव ठेविलें नाहीं.

संस्थानें गेलीं, १९५४-५५ नंतर होळकर संघहि गेला, आणि ताजवा समतोल होईल असें वाटलें. झालें उलटें. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक मुंबईनें सोडला नाहीं. मुंबईचें बळ विकत घेतलेलें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. तेथें मैदानें, जिमखाने, शाळांचे सामने आणि गड्यांस नोकऱ्या देणाऱ्या पेढ्या व कारखाने होते. अशा भूमींतून आलेल्या संघाबद्दल तक्रार करणें म्हणजे हुशार मुलाच्या गुणांबद्दल तक्रार करण्यासारखें आहे. पण विभागांतून एकच संघ पुढें घ्यावयाचा, ह्या नियमानें पश्चिमेकडील महाराष्ट्र-बडोद्यासारखे चांगले संघ वर्षानुवर्षें मुंबईच्या सावलींत राहिले. १९७०-७१ सालीं प्रत्येक विभागांतून दोन संघ घेतले, तों त्याच वर्षीं मुंबईसमोर अंतिम सामन्यांत महाराष्ट्र उभा राहिला! राजस्थाननें मंकड, दुराणी, मांजरेकर असे बाहेरचे नामांकित गडी आणून पाहिले; १९६०-६१ ते १९७३-७४ ह्या काळांत तो संघ आठ वेळां अंतिम सामना हरला, त्यांतील सात मुंबईशीं. नुसत्या थैलीनें काय होत नाहीं, हें ह्यावरून कळतें.

विदर्भ ह्या नांवाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत आहे. आम्ही विद्यार्थी असतांना सिव्हिल लाईन्सच्या जुन्या मैदानावर त्याचे सामने पाहण्यास जात असूं. सावलीची जागा हवी तेवढी मिळे. प्रेक्षकांपेक्षां कावळे अधिक. आपला संघ हरणार हें आम्ही धरूनच चालत असूं, व पाहुण्या संघांतील नांवाजलेला फलंदाज पाहावयास मिळाला म्हणजे डबा बांधून आल्याचें सार्थक होई. नागपूरचा पुत्र १९३२ सालीं हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार झाला; पण विदर्भाच्या संघांतून खेळून कसोटीपर्यंत पोंचणारा पहिला गडी, खापरखेड्याकडील कोळशाच्या खाणींतील कामगाराचा मुलगा उमेश यादव, यास २०११ साल उजाडावें लागलें. मध्यें एकोणऐंशी वर्षें गेलीं.

मग फरक कशानें पडला? २००२-०३ सालीं संघांची वरची व खालची अशी विभागणी झाली. तिला अनेकांनीं वर्णभेद म्हटलें. आमचेंहि प्रथम तसेंच मत होतें. परंतु खालच्या गटांत विदर्भास बरोबरीच्यांशीं पुष्कळ सामने मिळाले, आणि पुढें खालच्या गटांतूनहि करंडकापर्यंत वाट ठेवण्यांत आली. आठ पराभवांनीं पोळलेल्या राजस्थाननें आपला पहिला करंडक २०१०-११ सालीं ह्याच खालच्या वाटेनें मिळविला. दुसरें कारण पैशाचें आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आलेल्या उत्पन्नाचा वांटा मध्यवर्ती मंडळाकडून प्रांतिक संघटनांस मिळूं लागला, तेव्हां नायडूंच्या काळीं जें फक्त महाराजांस साधे, तें नागपुरास स्वतःच्या बळावर साधूं लागलें. २००८ सालीं जामठ्याचें मैदान कसोटीसाठीं खुलें झालें, मुलांसाठीं निवासी प्रशिक्षणाची सोय झाली, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडील मुलास मुंबई न गांठतां खेळण्याची आशा उत्पन्न झाली.

बाहेरची मदतहि घेतली, तिची लपवाछपवी नको. २०१७-१८ सालीं विदर्भानें दिल्लीस हरवून पहिला करंडक जिंकला, त्या वेळीं शिक्षक चंद्रकांत पंडित व ज्येष्ठ फलंदाज वसीम जाफर हे दोघेहि मुंबईच्या तालमींतले. कर्णधार फैज फजल व अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबानी मात्र येथले. तो सामना झाला इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर. नायडूंचें इंदूरकडे गेलेलें ऋण फिटलें, असें कोणी भाविकपणें म्हणेल. आम्ही इतकें दूर जात नाहीं.

समतोलाचा दुसरा एक मार्ग २००८ पासून आयपीएलनें दाखविला आहे. तेथें गड्यांचा लिलाव होतो व खर्चास मर्यादा असते. पहिल्या लिलावांत प्रत्येक संघास पन्नास लाख डॉलर, २०२५ च्या मोसमासाठीं १२० कोटी रुपये. थैल्या सारख्या असल्यानें चुरस टिकते, हें मान्य. पण त्या संघांस गांवाचें नांव असतें, गांव नसतें; लिलावानंतर आपला गडी कोणता हें पोरांना नव्यानें पाठ करावें लागतें. त्या ताजव्यास पासंग नाहीं, कारण दोन्ही पारड्यांत एकाच दुकानचा माल आहे.

आतां आपल्याकडे. २०१८-१९ सालीं बिहार, उत्तराखंड व ईशान्येकडील राज्यें धरून नऊ नवे संघ आले व एकंदर संघ ३७ झाले. नव्यांत पहिला आलेला उत्तराखंड उपांत्यपूर्व सामन्यासाठीं नागपुरास आला. विदर्भानें त्यास एक डाव व ११५ धांवांनीं हरविलें. जाफरनें २०६ केल्या. आम्ही तो खेळ आनंदानें पाहिला, आणि घरीं येतांना काठेवाडची आठवण झाली. सिव्हिल लाईन्सवर जे आम्ही होतों, ते आतां समोरच्या बाजूस बसले होते.

शेटजींस आम्हीं हें सर्व एवढें लांबवून सांगितलें नाहीं. गिऱ्हाईकें खोळंबलीं होतीं. इतकेंच म्हटलें कीं, सरवटे केरळास गेला तो उपाशी राहून गेला नाहीं, व नायर आला तो आपल्या पोरांची जागा रिकामी करून आला नाहीं. दानिश मालेवार, यश राठोड, हर्ष दुबे हीं पोरें येथेंच तयार झालीं, आणि तीं आहेत तोंवर दोन पाहुणे आले तर बिघडत नाहीं. शेटजींनीं क्षणभर विचार केला. “म्हणजे आपल्याकडे पोरें आहेत म्हणून पाहुणा शोभतो. ज्यांच्याकडे पोरेंच तयार व्हायचीं आहेत, त्यांच्या दारांतून आपण एखादा उचलला तर?” आम्हांस एकदम उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं यादी उचलून चष्मा लावला, आणि तूरडाळ किती तोलूं म्हणून विचारलें.