'कुशल' शब्दाचा खटला

लाखो शब्दांच्या दप्तरातून रूपके वेचताना एका तपासनिसाने ज्या शब्दावर खूण केली त्याच शब्दावर दुसऱ्याचीही खूण पडावी, यासाठी 'प्रॅगलजॅझ' नावाच्या दहा अभ्यासकांच्या गटाने २००७ मध्ये एक कसोटी प्रसिद्ध केली. पुढे २०१० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या फ्रये विद्यापीठात गेरार्ड स्टीन व सहकाऱ्यांनी ती अधिक काटेकोर करून इंग्रजीच्या सुमारे १,९०,००० शब्दांवर चालवली. शब्दाचा प्रसंगातील अर्थ ठरवावा, त्याहून मूर्त किंवा देहनिष्ठ असा मूळ अर्थ कोशात शोधावा, आणि दोन अर्थ भिन्न असूनही साम्यामुळे एकावरून दुसरा उलगडत असेल तर शब्द रूपक म्हणून दाखल करावा. 'बाजारभाव चढले' या वाक्यातील 'चढणे' घ्या: जिना चढणारा देह हा मूळ अर्थ, किमतीची वाढ हा प्रसंगातील अर्थ, आणि दोहोंना जोडणारी उंची, शब्द दाखल झाला.

ही कलमे वाचताना मला अकराव्या शतकातील काश्मीरचा मम्मट समोर उभा राहिलेला दिसला. 'काव्यप्रकाशा'त लक्षणेला, म्हणजे शब्दाचा मुख्यार्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याला, तो तीन अटी घालतो: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी योग, आणि रूढी किंवा प्रयोजन. पाश्चात्त्य विद्वान रूपकाच्या अभ्यासाचे कूळ अ‍ॅरिस्टॉटलपाशी नेतील. परंतु अ‍ॅरिस्टॉटलने रूपकाचे चार प्रकार सांगितले, ते ओळखण्याची तपासणी सांगितली नाही, आणि तपासणीचा शिरस्ता घालून देण्याचा मान माझ्या मते मम्मटाकडेच जातो. लक्षणेचे क्षेत्र रूपकाहून विस्तृत आहे, 'गंगेवर गवळीवाडा' या उदाहरणात 'गंगा' म्हणजे तिचा काठ हा अर्थ सामीप्याने सिद्ध होतो, साम्याने नव्हे, हा आक्षेप खरा. म्हणून तुलना फक्त सादृश्यमूलक गौणी लक्षणेशी करावी. मी रक्ताचे नाते सांगत नाही. एकाच अडचणीतून दोन ठिकाणी उपजलेले शास्त्र म्हणतो.

दोन्ही शास्त्रांच्या या सारखेपणाची खरी साक्ष 'कुशल' शब्दात आहे. कुश नावाचे गवत खुडून आणणारा तो कुशल. तेव्हा निष्णात माणसाला कुशल म्हणणे ही रूढ लक्षणा, असे मम्मटाचे म्हणणे. चौदाव्या शतकात उत्कलच्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त यावर हरकत घेतली: शब्दाची व्युत्पत्ती एक आणि प्रवृत्तीचे, म्हणजे वापराचे, निमित्त दुसरे, निष्णात हाच कुशल शब्दाचा मुख्यार्थ होय, अन्यथा गमनार्थी धातूपासून निघालेली गाय निजली तरी तेथे लक्षणा मानावी लागेल! २००७ च्या कसोटीत मूळ अर्थाच्या खुणांमध्ये ऐतिहासिक प्राचीनताही नमूद होती, म्हणजे तेथे मम्मटाची बाजू अंशतः उभी होती. स्टीन यांच्या गटाने प्राचीनतेची ती खूण गाळली, आणि आजच्या भाषेत चालू असलेला अर्थच प्रमाण धरला. बहुतेक भाषकांना शब्दार्थांचे वय ठाऊकच नसते, हे त्यांचे तात्त्विक कारण, आणि प्रत्येक शब्दाचा इतिहास धुंडाळणे फार वेळखाऊ, हे व्यावहारिक कारण. विश्वनाथाने तोच निर्णय युक्तिवादाने घेतला होता. 'कुशल' शब्दाच्या खटल्यात निवाडा विश्वनाथाच्या बाजूने लागला, आणि तो योग्यच लागला.