बोगदा, भुयार की सुरुंग?

‘टनेल अप आहे का?’ हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही आयटी ऑफिसात हा प्रश्न मराठीतच विचारला जातो, फक्त त्यातले महत्त्वाचे दोन शब्द इंग्रजी असतात. घरून काम करणाऱ्याला ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं असतं. मध्ये फायरवॉल असते आणि ती वेबच्या वाहतुकीखेरीज फारसं काही सोडत नाही. मग उरलेला डेटा वेबच्याच कनेक्शनमधून, कुलूपबंद करून पलीकडे नेतात. ही वाट म्हणजे टनेल. कुणी ‘तो टनेल’ म्हणतं, कुणी ‘ते टनेल’. शब्दाचं लिंगही अजून ठरलेलं नाही. मराठीत मात्र या अर्थाचे तीन शब्द आधीपासून नांदताहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

आधी पाहुण्याची चौकशी करू. इंग्रजी ‘टनेल’ची मुळं जुन्या फ्रेंचमधल्या पिंपाच्या नावात आहेत. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत टनेल म्हणजे पक्षी धरायचं नळकांड्यासारखं जाळं. पुढे धुराड्याच्या नळीलाही तोच शब्द लागला आणि जमिनीखालच्या वाटेचा अर्थ तर अठराव्या शतकातला. म्हणजे नेटवर्कमध्ये शिरण्याआधी काही शतकं हा शब्द स्वतःच एक जाळं होता!

आता आपले तिघे. बोगदा म्हणजे आरपार वाट. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली, तिच्या वाटेवर २५ बोगदे होते. बोगद्यात लपवण्यासारखं काही नसतं. त्याची दोन्ही तोंडं नकाशावर असतात, आत शिरताना गाडी शिट्टी देते आणि पोरं ओरडतात.

भुयाराचं तसं नाही. हा शब्द संस्कृत ‘भूमिगृह’वरून प्राकृतातून झिजत झिजत आपल्यापर्यंत आला. म्हणजे मुळात ते तळघर. गुजरातीतलं ‘भोंयरुं’ त्याचंच भावंड. मराठीत भुयार म्हटलं की ‘गुप्त’ हे विशेषण आपोआप चिकटतं. ‘गुप्त बोगदा’ कुणी सहसा म्हणत नाही. प्रत्येक जुन्या वाड्यातून एक भुयार थेट कुठल्यातरी गडावर निघतं, असं गावात सांगितलं जातं. ते कुणी पाहिलेलं नसतं, आणि भुयाराची अब्रू तेवढ्यावरच टिकून असते.

संगणकवाल्यांचा घोळ इथेच होतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे टनेल म्हटलं की आतलं सगळं सुरक्षित, असं ऐकणाऱ्याला वाटतं. खरं तर टनेलिंगचा अर्थ एवढाच की डेटाचं एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवायचं. बाहेरच्यावर एक पत्ता, आतल्यावर दुसरा. १९९४ साली सिस्कोतून आलेला जीआरई हा प्रोटोकॉल नेमकं एवढंच करतो. कुलूप तो स्वतः लावत नाही. वाटेत बसलेल्याने बाहेरचं पाकीट उघडलं तर आतलं सगळं वाचता येतं. जीआरई हा बोगदा आहे. त्याला भुयार समजून पासवर्ड पाठवले, तर दोष शब्दाच्या समजुतीचा.

भुयार करायला कुलूप, म्हणजे कूटलेखन लागतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, त्यातून तातू युलोनेन यांनी एसएसएच हा कुलूपबंद जोडणीचा प्रोटोकॉल लिहिला. त्याच सुमारास नेटस्केपने ब्राउझरसाठी एसएसएल आणलं. आजचं टीएलएस हा त्याचाच वंश. पण ऑफिसातला प्रॉक्सी हा सगळ्या विनंत्या वाचून पुढे पाठवणारा मध्यस्थ. कुलूपबंद मजकूर तो वाचणार कसा? त्यावर तोडगा निघाला ‘कनेक्ट’ या आज्ञेचा. ब्राउझर प्रॉक्सीला म्हणतो, अमुक पत्त्याच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टाशी मला जोडून दे. प्रॉक्सी जोडतो, ‘२००’ असं उत्तर देतो आणि त्यानंतर डोळे मिटून इकडचे बाइट तिकडे, तिकडचे इकडे देत बसतो. एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलच्या प्रमाण दस्तऐवजात अशा मध्यस्थाला टनेलच म्हटलं आहे.

डोळे मिटलेल्या मध्यस्थाला आत बँकेचं पान आहे की दुसरंच काही, हे कळत नाही. मग लोकांनी एसएसएचचा सर्व्हर त्याच्या नेहमीच्या २२ ऐवजी ४४३ वर बसवला. पुढे सगळं टीएलएसमध्येच गुंडाळायला लागले, म्हणजे पाहणाऱ्याला साध्या वेबसाइटची ये-जा दिसावी. हा प्रकार इतका बोकाळला की १ एप्रिल २००१ ला मार्क गेनर आणि स्कॉट ब्रॅडनर यांनी इंटरनेट मानकांच्या मालिकेत ३०९३ क्रमांकाचा एक थट्टेचा दस्तऐवज काढला: सगळी वाहतूक एचटीटीपीत घालून फायरवॉलपार नेणारा ‘फायरवॉल सुधारणा प्रोटोकॉल’!

या वेषांतराला शोभणारा तिसरा शब्द म्हणजे सुरुंग. संस्कृत ‘सुरुङ्गा’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे आणि अनेक अभ्यासक तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आल्याचं मानतात. सिरिंक्स म्हणजे बासरी, नळी, आणि पुढे जमिनीखालची वाटही. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज त्याच कुळातली.

महाभारतात विदुराने पाठवलेला खनक वारणावताच्या लाक्षागृहात हीच सुरुङ्गा खणतो. कशी, ते बघण्यासारखं आहे. तो वरवर खंदक खणतो, म्हणजे चालू द्यावं असं काम. आतलं तोंड घराच्या मधोमध, पण झाकण जमिनीच्या पातळीत, पाळतीवर असलेल्या पुरोचनाला दिसू नये असं. आणि सगळ्यात आधी तो पांडवांना ओळख पटवतो: विदुर तुमच्याशी म्लेच्छ भाषेत काही बोलले आणि तुम्ही ‘समजलो’ म्हणालात, हीच माझी खूण. परवानगी असलेल्या कामाचा आडोसा, इतरांना न कळणारी भाषा, दोघांनाच ठाऊक असलेली खूण. वेषांतर केलेल्या सुरक्षित टनेलला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे आहेत. आज पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरचा ठसा दाखवून विचारतं, ‘हाच ना?’ आणि आपण न बघता ‘हो’ ठोकतो. पांडव असे वागते तर महाभारत वारणावतातच आटोपलं असतं.

हिंदीत सुरंग आजही मुख्यतः वाटच आहे. मराठीत सुरुंगाची दारू झाली. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून अधिक दिवस तो झुंजवला आणि अखेर बुरुजाखाली सुरुंग उडवून मोगलांनी वाट केली. अशा वेढ्यांमधून आधी वाट, मग वाटेत भरलेली दारू आणि शेवटी नुसता स्फोट, असा अर्थ सरकत गेला. आता आपण सुरुंग खणत नाही, लावतो.

म्हणून हे तिन्ही शब्द कामाचे आहेत. कुलूप नसेल तर बोगदा. कुलूप आणि खूण असेल तर भुयार. पण फायरवॉल सांभाळणाऱ्याच्या नजरेने पाहा: कर्मचाऱ्याने परस्पर काढलेली वाट कितीही कुलूपबंद असली, तरी तिच्यातून आत काय आलं ते त्याला दिसत नाही. भुयार आणि सुरुंग, दोन्हींचं तंत्र एकच असतं. तटाच्या मालकाला विचारून खणलं तर भुयार, न विचारता खणलं तर सुरुंग.