चैत्राचा चंद्र आणि चित्रेची साक्ष

चैत्र पौर्णिमेच्या संध्याकाळी पूर्व क्षितिजाकडे पाहावे. इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे पूर्ण चंद्र वर येतो. त्याच्या आसपास, कधी अगदी निकट तर कधी थोड्या अंतरावर, एक शुभ्र निळसर तारका चमकत असते. तीच चित्रा. पौर्णिमेचा चंद्र तिच्या परिसरात असतो, म्हणून ह्या महिन्याचे नाव चैत्र. अंधाऱ्या पक्षात ती ओळखायची असेल तर सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवावी. प्रथम नारिंगी झाक असलेली स्वाती लागते आणि तीच कमान आणखी पुढे नेली की चित्रा सापडते.

चित्रेचे स्थान मोठे मोक्याचे आहे. सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या मार्गाने फिरताना दिसतात, त्या क्रांतिवृत्तापासून ती अवघी दोन अंश दूर आहे. चंद्र रोज सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो आणि सत्तावीस दिवसांहून थोड्या अधिक काळात फिरून तिच्या भेटीस येतो. गुरू, शनी, मंगळ हेही आपापल्या गतीने तिच्याजवळून जातात. ग्रह तेजाने स्थिर दिसतो, तारका लुकलुकते. एवढी खूण लक्षात ठेवली तर दोघांमध्ये गफलत होत नाही. चंद्राचे व ग्रहांचे ठिकाण मोजण्यास अशी तारका म्हणजे रस्त्याच्या कडेला रोवलेला मैलाचा दगडच होय.

ह्या दगडाचा उपयोग प्राचीनांनी करून घेतला. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात चंद्रग्रहणांच्या आधारे चित्रेचे स्थान ठरविले आणि सुमारे दीडशे वर्षांपूर्वी टिमोकॅरिसने घेतलेल्या वेधाशी ते ताडून पाहिले. शरद संपाताच्या बिंदूपासून चित्रेचे अंतर सुमारे दोन अंशांनी बदललेले होते. तारका हलली नव्हती, संपातबिंदू मागे सरकला होता. ह्यालाच आपल्याकडे अयनचलन म्हणतात. त्याचा वेग वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे एक अंशाला जवळजवळ ७२ वर्षे. माणसाच्या उभ्या आयुष्यात हा फरक डोळ्यांत भरत नाही. पण पंचांगाच्या आयुष्यात तो भरतो.

महाराष्ट्रात तो भरला एकोणिसाव्या शतकात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघव’ ह्या ग्रंथावरून पंचांगे तयार होत. ग्रंथ सोपा आणि आपल्या काळी उत्तम. परंतु तीन शतकांनंतर गणिताने येणारे ग्रह आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह ह्यांत अंतर पडू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ मध्ये आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग होय. आकाशात दिसेल तेच पंचांगात असावे, हा त्यामागील आग्रह होता.

पण राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. सूर्यसिद्धांतात रेवतीची योगतारा चक्राच्या आरंभाजवळ आणि चित्रा बरोबर समोर, १८० अंशांवर सांगितली आहे. रेवतीची म्हणून जी तारका छत्र्यांनी घेतली, तिच्यापासून चित्रा प्रत्यक्षात सुमारे १८४ अंशांवर आहे. दोघींचा मान एकदम राखता येत नाही. रेवती धरावी तर चित्रा चुकते आणि चित्रा धरावी तर रेवती. शिवाय ही रेवती इतकी मंद, की ती पाहण्यास काळोखी रात्र आणि तीक्ष्ण दृष्टी लागते. लोकमान्य टिळकांनी रेवतीपक्ष उचलून धरला. पुढे तो टिळक पंचांगाच्या रूपाने टिकला. चित्रापक्षाचा पुरस्कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी केला. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांचे म्हणणे तिसरेच होते. ऋतू सूर्याच्या संपातावर अवलंबून असतात, तेव्हा वर्षाचा आरंभही तेथूनच करावा, असे ते सांगत. हे सायन मत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनाही पटले होते. केतकर आणि दीक्षित हे दोघेही पेशाने शिक्षक. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

चार अंशांचा वाद म्हणजे पंडितांचा केवळ बुद्धिविलास, असे कोणास वाटेल. पण चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. तेवढ्याने संक्रांत अमावास्येच्या अलीकडे वा पलीकडे गेली की अधिक महिना बदलतो आणि सण महिनाभर पुढेमागे होतात. २०१२ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरी गणपती ऑगस्टमध्ये बसले, इतरत्र ते १९ सप्टेंबरला आले. माहेरी आरती होऊन गेलेली आणि सासरी महिन्याने मखराची तयारी, अशी ही विभागणी होय.

हा पेच केवळ हिंदूंचाच नाही. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी असतो. ज्युलियन वर्ष किंचित मोठे असल्यामुळे सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात २१ मार्चवरून ११ मार्चच्या सुमारास सरकला होता. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळींपैकी बहुतेक अजूनही जुन्या गणनेनेच ईस्टर पाळतात. दोन्हीकडे प्रश्न एकच: पूर्वजांचे गणित राखावयाचे, की पूर्वजांनी जे आकाश पाहून गणित केले त्या आकाशाकडे पुन्हा पाहावयाचे?

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे र. वि. वैद्य होते. उज्जैनला सवाई जयसिंगांची वेधशाळा आहे. माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तेथील काम सांभाळले. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला. त्यानुसार २२ मार्च १९५७ हा दिवस शके १८७९ च्या राष्ट्रीय चैत्राचा पहिला दिवस ठरला. नागरी वर्ष संपाताच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे लेल्यांच्या विचाराला जवळ. आणि धार्मिक पंचांगासाठी घेतलेले अयनांश चित्रेला धरून. अशा रीतीने दोन्ही पक्षांना थोडे थोडे मिळाले. तथापि घरोघरची पंचांगे एक झाली नाहीत, आणि राष्ट्रीय दिनांक बहुतेकांना राजपत्राच्या मथळ्यापलीकडे ठाऊक नाही.

ज्यांनी हा वाद केला त्यांच्यापैकी कोणी परंपरेचा शत्रू नव्हता. परंपरा खरी ठरावी म्हणूनच ते कोष्टके मांडीत बसले. त्यांच्या श्रमांची ओळख करून घेण्यास ग्रंथच हवेत असे नाही. चैत्रातील एका स्वच्छ रात्री चंद्र चित्रेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावे, दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा पाहावे आणि घरच्या पंचांगात त्या दिवशीचे नक्षत्र कोणते दिले आहे ते ताडून घ्यावे. छत्रे, दीक्षित, केतकर यांचे काम ह्याच ताळ्यापासून सुरू झाले होते.