तंबूतला कवट्या महाकाळ

माळेगावच्या यात्रेला आमच्या घरातून दरसाल कोणीतरी जायचंच. देवासाठी कमी अन् जनावरासाठी जास्त. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात हे खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात यात्रा भरते. लाल कंधारी गुरं, आमच्या लातूरकडची देवणी, घोडे, गाढवं, उंट, सगळ्याचा बाजार. पलीकडं तमाशाचे फड अन् त्याच्या अंगाला टुरिंग टॉकीजचे तंबू.

१९९१ साली आबा, मी अन् माझा धाकटा भाऊ असे तिघं गेलो होतो. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. एक बैल उन्हाळ्यातच मेला होता, त्याला जोड बघायची होती. पैसे आबांच्या कमरेला, धोतराच्या आत बांधलेले. पहिल्या दिवशी सौदा बसला नाही. रात्र काढायची होती अन् थंडी मरणाची. धाकटा म्हणाला, "आबा, तंबूत चला. बसायला ऊब तरी हाय."

आबा म्हणाले, "काय आसतंय त्यात? समदं खोटं."

"खोटं हाय म्हनून तर बघायचं," धाकटा म्हणाला.

तंबूत लागला होता 'धडाकेबाज'. महेश कोठाऱ्यांचा, १९९० सालचा. हे कोठारे म्हणजे लहानपणी १९६३ च्या 'छोटा जवान'मध्ये काम केलेलं पोर. मोठेपणी १९८५ साली 'धुमधडाका' काढला, मग 'दे दणादण', मग 'थरथराट'. लक्ष्मीकांत बेर्डे सोबत ठरलेला. 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, म्हणजे पडदाभर आडवा पसरणारा. शहरातल्या थेटरात ते शोभत असेल. तंबूत मात्र त्याची वेगळीच गंमत झाली.

सिनेमास्कोपच्या रिळावर चित्र आडवं दाबून घेतलेलं असतं. ते पुन्हा ताणायला मशीनला वेगळं भिंग लावावं लागतं. मशीनवाला ते लावायला विसरला. पडद्यावर माणसं आली ती सगळी उसासारखी उंच अन् बारीक. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी टोपी भिरकावली. मग त्यानं भिंग चढवलं, तर चित्र इतकं रुंद झालं की दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर गेलं. कवट्या महाकाळ आला तेव्हा त्याचा अर्धा मुखवटा पडद्यावर अन् अर्धा तंबूच्या ठिगळावर. वाऱ्यानं कापड हललं की त्याचा गाल हलायचा. बायांच्या बाजूनं एक किंकाळी आली अन् तिच्या मागोमाग हसू.

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांना सांगतो. कवट्या महाकाळ हा खलनायक. तोंडावर कवटीचा मुखवटा, काळा पोशाख, हसणं गडगडाटी. इकडं महेश हाणामारी करणार अन् मधूनच 'डॅमिट' म्हणणार. अन् एक बाटलीतला गंगाराम, बोटाएवढा, तोही लक्ष्याच. आता यात खरं काय आहे? काहीच नाही. गंमत अशी की सिनेमा काढणाऱ्यालाही ते ठाऊक आहे अन् तो आपल्यापासून लपवत नाही. मुखवटा मुखवट्यासारखाच दिसतो. बुक्की लागायच्या आधी आवाज येतो. तो जणू म्हणतो, या, आपण मिळून खोटं खोटं भिऊ.

आमच्याकडं रायरंद यायचे. तालुक्याला त्यांना बहुरूपी म्हणतात. रायरंद फौजदार होऊन दारात उभा राहायचा अन् वॉरंट काढायचा. त्याच्या मिशा चिकटवलेल्या आहेत हे शेंबड्या पोरालाही कळायचं. तरी पोरगं आईच्या लुगड्यामागं लपायचं अन् लपूनच हसायचं. म्हातारी पसाभर ज्वारी घालताना म्हणायची, सोंग चांगलं वठवलं बाबा. सोंग खरं आहे असं ती कधी म्हणाली नाही. शिकलेली माणसं असल्या सिनेमाला हसतात तेव्हा त्यांना वाटतं, खेड्यातल्या लोकांना हे खरं वाटतं. तसं नसतं. भारुडातलं सोंग बघत वाढलेल्या माणसाला खऱ्याखोट्याची पारख असतेच. त्याला सोंग नीट वठलेलं लागतं, एवढंच.

सिनेमा सुरू झाला तेव्हा आबांचा हात कमरेच्या गाठीवर होता. यात्रेत पाकीटमार लई. मध्यंतरानंतर मी वळून बघितलं, तर आबा दोन्ही हातांनी मांडी थोपटत हसत होते. त्या माणसाला तसं हसताना मी आधी बघितलं नव्हतं. बाहेर आल्यावर दचकून त्यांनी गाठ चाचपली. पैसे होते. मग म्हणाले, "त्याची कवटी तर कागदाच्या लगद्याची दिसलालती." अन् पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी देवणी बैल मिळाला, तोंड काळंपांढरं. धाकट्यानं त्याचं नाव महाकाळ ठेवलं. वखर हाणताना बैल अडला की धाकटा 'डॅमिट' म्हणायचा. त्याचा अर्थ आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता, पण बैल चालायचा.

पुढं १९९३ आलं. त्या सप्टेंबरात रात्री आखाड्यावर झोपायची पाळी धाकट्याची होती. पण गणपती बोळवायचे होते अन् लेझीम त्याच्याशिवाय उभं राहत नव्हतं. म्हणाला, "आण्णा, आजच्या रात तू जा." मी गेलो. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. महाकाळ दावं तोडून उभा होता. मी गावाकडं पळालो तर गावाच्या जागी धूळ.

आमच्या भागातली घरं दगडामातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. तीच भिंत अंगावर आली. लातूर-उस्मानाबादेत मिळून जवळजवळ ८ हजार माणसं गेली. त्यात धाकटा अन् त्याची बायको. आबाही गेले. माय वाचली, अन् धाकट्याचा सहा वर्षांचा पोरगा एका खांबाच्या आडोशाला जिता सापडला.

पोरगा बोलेना. पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात बसायचा. वाऱ्यानं पत्रा वाजला की कानावर हात ठेवायचा. पुढच्या उन्हाळ्यात मदतीला आलेल्या पोरांनी टीव्ही अन् व्हीसीआर आणला अन् शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावला. कॅसेट नेमकी 'धडाकेबाज'ची. माय चिडली. "घरात दिवा लावाया मानूस न्हाई अन् सोंगं कसली बघलालाव?" मलाही बसवेना. पण पोरगा उठून पुढं जाऊन बसला होता.

कवट्या महाकाळ आला. आवाज मोठा होता, पत्रे थरथरले. मी पोराकडं धावलो. त्यानं कानावर हात ठेवलेच नव्हते. मला म्हणाला, "आण्णा, ह्याची कवटी लगद्याची हाय. बापू सांगलालते." सात-आठ महिन्यांत तो पहिल्यांदा एवढं बोलला होता. मग हसला. माय मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण टीव्ही बंद करा म्हणाली नाही.

त्या पोराला खोटी भीती कोणती अन् खरी कोणती हे आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. खऱ्या भीतीला मुखवटा नव्हता, ती सांगून आली नाही अन् शेवटी हरलीही नाही. पडद्यावरची भीती मात्र तीन तासांत हरते. तेवढ्यासाठी तरी असले सिनेमे हवेत असं मला वाटतं. थोर सिनेमे असतील, त्यांना माझा नमस्कार आहे.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. बातमी ऐकून माझा पुतण्या त्या दिवशी जेवला नाही. महाकाळ बैल त्याच्या आधीच म्हातारा होऊन आखाड्यावरच मेला. त्याला आम्ही बाजार दाखवला नाही, बांधाला पुरला. आता पुतण्याचा पोरगा मोबाईलवर तोच सिनेमा बघतो. म्हणतो, आजोबा, किती फालतू आहे हे. अन् पुन्हा पहिल्यापासून लावतो.