केवळ ऐहिक बाबींपुरते

राज्यसंस्थेचा हात जितका आखूड तितका बरा, असे मानणाऱ्या लिबर्टेरियन राजकारणाशी ख्रिस्ती श्रद्धेचे जमते का, हा वाद अमेरिकेत अजून चालू आहे. वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा एक गोष्ट गृहीत धरून बसलेले असतात: श्रद्धा सैल झाली की स्वातंत्र्य वाढते. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या वसाहतीचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. तिथे सरकारच्या हातून धर्म काढून घेतला तो धर्माविषयी उदासीन असलेल्यांनी नव्हे. बोस्टनचे प्युरिटनसुद्धा ज्यांना पुरेसे शुद्ध वाटत नव्हते, अशांनी तो काढून घेतला. श्रद्धा आणि मर्यादित सत्ता यांचे तिथे जमले, पण एका ठरावीक कारणाने, आणि ते कारण जिथवर पोचत होते तिथवरच.

या वसाहतीचा संस्थापक रॉजर विल्यम्स लंडनचा. सर एडवर्ड कोक या नामांकित न्यायाधीशाच्या हाताखाली त्याने पोरवयात लेखनिकी केली, पुढे केंब्रिजला शिकला आणि १६३१ मध्ये बोस्टनला उतरला. तिथल्या मंडळीने त्याला उपदेशकाची जागा देऊ केली, ती त्याने नाकारली. कारण काय, तर ही मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून पुरती तुटलेली नाही! असा हट्टी माणूस कोणत्याही गावाला परवडत नाही. पण त्याच्या हट्टात तर्क होता. मॅसॅच्युसेट्सचे सरकार रहिवाशांकडून देवाच्या नावाने निष्ठेची शपथ घेऊ पाहत होते. विल्यम्सचे म्हणणे असे की शपथ म्हणजे उपासनाच. ज्याचा देवावर खरा विश्वास नाही त्याला शपथ घ्यायला लावणे म्हणजे त्याच्याकडून देवाचे नाव व्यर्थ घेववणे, आणि हे पाप करवणारे सरकार. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार देव आणि माणूस यांच्यामधल्या. त्या मोडल्या म्हणून न्यायाधीशाने शिक्षा करू नये. इथल्या मूळ रहिवाशांची जमीन इंग्लंडच्या राजाच्या मालकीची नाही, तेव्हा ती दान करण्याचा हक्कही त्याला नाही. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीचा हुकूम झाला. जहाजात घालून इंग्लंडला रवाना करण्यासाठी माणसे येण्याआधीच, जानेवारीतल्या बर्फात तो निसटला. नॅरॅगॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांच्याकडून जागा घेऊन त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले.

नव्याने येणाऱ्यांकडून तिथे एका छोट्या करारावर सही घेत. बहुमताचे निर्णय मी पाळीन, पण केवळ ऐहिक बाबींत, एवढाच त्याचा मतलब. या शर्तीची कसोटी लवकरच लागली. जोशुआ व्हेरिन आपल्या बायकोला, जेनला, विल्यम्सच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांना जाऊ देईना, मारहाणही करी. गावाने त्यावर विचार केला. एका गटाचे म्हणणे, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हा देवाचाच नियम आहे, तेव्हा विवेकाच्या नावाखाली आपण तो मोडायचा का? दुसऱ्या बाजूने उत्तर आले की बायकांना असे अडवले तर मुलखातल्या साऱ्या बायका बोंब ठोकतील. अखेर मे १६३८ मध्ये व्हेरिनचा मताधिकार काढून घेण्यात आला. कारण नोंदले गेले ते विवेकस्वातंत्र्याला आडकाठी केल्याचे. तो बायकोला घेऊन सेलेमला परतला, म्हणजे जेनच्या पदरात फारसे काही पडले नाही. तरीही सतराव्या शतकातल्या एका खेड्याने नवऱ्याच्या हुकमापेक्षा बायकोचा विवेक मोठा मानला, ही लहान गोष्ट नाही.

यावर पहिला आक्षेप बोस्टनचा विद्वान धर्मोपदेशक जॉन कॉटन याचा, आणि तो हलका नाही. जुन्या करारातल्या राजांनी मूर्तिपूजा मोडून काढली. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सत्ताधीशाला देवाचा सेवक म्हटले आहे. मग ख्रिस्ती सत्ताधीशाने डोळ्यांदेखत पाखंड माजू द्यायचे? विल्यम्सने १६४४ मध्ये लंडनमध्ये ग्रंथ छापून याचा समाचार घेतला. पार्लमेंटने तो जाळण्याचा हुकूम काढला, तोवर विल्यम्स वसाहतीची सनद खिशात घालून परतीच्या वाटेला लागला होता. त्याचे उत्तर पूर्णपणे बायबलच्या आतले आहे. इस्राएल हे एकमेवाद्वितीय राष्ट्र होते. ख्रिस्तानंतर कोणतेही राष्ट्र देवाचे निवडलेले नाही, तेव्हा इस्राएलच्या राजांचे अधिकार वारशाने कुणाकडे येत नाहीत. पौलाने हे लिहिले तेव्हा गादीवर नीरो होता. त्याच्याकडे मंडळीच्या शुद्धतेची राखण सोपवावी असे पौलाच्या मनात असणे शक्य नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात शेताचा धनी गडीमाणसांना सांगतो की निदण आताच उपटू नका, कापणीपर्यंत गव्हाबरोबर वाढू द्या. ते शेत म्हणजे मंडळी नव्हे, जग. म्हणून यहुदी, मुसलमान, मूर्तिपूजक, इतकेच काय पोपचे अनुयायीही या जगात निर्धास्त राहिले पाहिजेत. हे सगळे नरकात जाणार याबद्दल विल्यम्सला तीळमात्र शंका नव्हती. पण तो निवाडा करणारा वेगळा होता आणि त्याने न्यायाधीशांना मुखत्यारपत्र दिलेले नव्हते.

कुणी म्हणेल, हा निव्वळ दुबळ्यांचा शहाणपणा. हद्दपार झालेल्याला स्वातंत्र्य गोड लागणारच. पण मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटनही छळ सोसूनच आले होते, आणि सत्ता हाती येताच त्यांनी १६५९ ते १६६१ या काळात क्वेकर पंथाच्या चार जणांना फाशी दिले. त्यांच्यात ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची मेरी डायर होती. तिकडे १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी क्वेकरांना हाकला म्हणून दडपण आणले, तेव्हा ऱ्होड आयलंडने कळवले की मत मांडल्याबद्दल शिक्षा करायला आमच्याकडे कायदा नाही; शिवाय कुणी छेडत नसले की या लोकांना इथे यायची विशेष हौसही नसते. विल्यम्सला स्वतःला क्वेकरांचा मनस्वी तिटकारा. १६७२ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, त्यांच्याशी जाहीर वाद घालायला तो प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत स्वतः होडी वल्हवत गेला. वाद घातला, पुढे त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तक लिहिले. पण त्यांच्यावर कायद्याचा बडगा उगारण्याची मागणी केली नाही. सोय हेच कारण असते तर सोय संपताच धोरण बदलले असते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. आजचे कडवे लिबर्टेरियन विचारतील, आत्म्यावर सरकारचा हक्क नाही, तर खिशावर तरी का असावा? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. प्रॉव्हिडन्सच्याच विल्यम हॅरिसने असा प्रचार चालवला की माणसाने केलेल्या सत्तेपुढे मान तुकवणे विवेकाला मान्य नसेल तर तुकवू नये. १६५७ मध्ये विल्यम्सने, तेव्हा तो वसाहतीचा अध्यक्ष होता, त्याच्यावर चक्क राजद्रोहाचा आरोप ठेवला. त्याआधी दोन वर्षे गावाला लिहिलेल्या पत्रात त्याने जहाजाचे उदाहरण दिले होते. जहाजावर नाना धर्मांचे लोक आहेत. कप्तानाने कुणाला प्रार्थनेला ओढून आणू नये, आपापली प्रार्थना करण्यापासून अडवूही नये. पण भाडे द्यायला नकार, संरक्षणात हात लावायला नकार किंवा बंडाळी असेल, तर शिक्षा करण्याचा अधिकार त्याला आहे. म्हणजे त्याच्या विचारात राज्य लहान होते, पण पोकळ नव्हते. त्याला आजच्या करविरोधकांचा पूर्वज ठरवायचे तर हे पत्र झाकून ठेवावे लागते.

खरी अडचण पुढची आहे. १६७६ मध्ये वसाहतकरी आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळाले, विल्यम्सचे घरही गेले, आणि त्यानंतर मूळ रहिवासी कैद्यांना वेठीला विकणाऱ्या समितीवर तो स्वतः बसला. विवेक मुक्त ठेवला, देह विकला. १६५२ मध्ये गुलामीवर दहा वर्षांची मर्यादा घालणारा नियम झाला होता, तो कागदावरच राहिला. अठराव्या शतकात न्यूपोर्ट हे अमेरिकी गुलाम-व्यापाराचे मोठे बंदर बनले. मूळ तत्त्वही झिजले. १७६२ मध्ये आरन लोपेझ या यहुदी व्यापाऱ्याला इथल्या न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, का तर वसाहत ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी स्थापन झाली म्हणून! लोपेझला नागरिकत्व मिळाले ते मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि तिथे शपथेतले ख्रिस्ती श्रद्धेचे शब्दही गाळण्यात आले. गंमत अशी की त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीची करवसुली १८३३ पर्यंत चालू राहिली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांना कंपनी सरकार परत पाठवू पाहत होते आणि ते उपदेशाचे स्वातंत्र्य मागत होते, तेव्हा त्यांना धाडणाऱ्या मंडळाच्या मॅसॅच्युसेट्समध्ये धर्म अजून सरकारी आश्रयालाच होता.

या घसरणीचा दोष श्रद्धेला द्यावा की व्यापाराच्या स्वातंत्र्याला? प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंचे प्रकरण इथे बोलके आहे. गावातल्या सुरुवातीच्या बॅप्टिस्ट वडीलधाऱ्यांपैकी चॅड ब्राउनचे हे वंशज. मोझेसने १७७३ मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि पुढच्या वर्षी तो क्वेकर झाला. भाऊ जॉन गुलामांचा व्यापार न्याय्य आणि कायदेशीर असल्याचे वर्तमानपत्रांतून ठासून सांगत राहिला. माझा माल, माझे जहाज, सरकारचा काय संबंध, हा त्याचा सूर. विल्यम्सने सरकारला आत्म्यापासून दूर ठेवले ते आत्मा देवाचा म्हणून. जॉनने त्याला जहाजापासून दूर ठेवू पाहिले ते जहाज स्वतःचे म्हणून. ‘केवळ ऐहिक बाबींपुरते’ या शर्तीखाली गुलामांचे जहाज उघडच सरकारच्या कक्षेत येते, आणि मोझेसने नेमके तेच धरले. गुलाम-व्यापाराला बंदी घालणाऱ्या कायद्यासाठी तो आणि त्याचे सोबती झटले. १७९४ च्या संघराज्याच्या कायद्याखाली १७९७ मध्ये पहिला खटला उभा राहिला तो त्याच्या सख्ख्या भावावर, आणि जॉनचे ‘होप’ हे जहाज सरकारजमा झाले.